ढगाला लावलेलं विरजण



पाऊस लांबला की आमच्या केंद्रावर येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न हमखास असतो. विमानातून ढगावर फवारतात ते नेमकं असतं तरी काय? कुणी म्हणतं चांदी, कुणी म्हणतं मीठ, कुणी म्हणतं बर्फ. एका गटातल्या ताई तर म्हणाल्या, "दुकानात मिळत असेल तर सांगा, वर्गणी काढून आणू." हसू आलं, पण प्रश्न हसण्यावारी न्यावा असा नाही. विमान उडतं त्याचा खर्च आपल्याच करातून होतो, आणि पाऊस नाही पडला तर हंडा घेऊन लांब जाणारीही आपल्यातलीच असते. म्हणून आज या फवाऱ्याचा इतिहास सांगणार आहोत. चांदी, मीठ आणि बर्फ, तिघींचंही म्हणणं खरं आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पावसासाठी काहीतरी करून बघायची माणसाची धडपड जुनी. आपल्याकडे धोंडी काढतात, महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी कोंडतात, बेडकांचं लग्न लावतात. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतली गोष्ट ऐकावी. मोठ्या लढाईनंतर पाऊस पडतो अशी तिकडे समजूत होती. म्हणून १८९१ साली सरकारी पैशातून टेक्सासच्या कोरड्या माळावर दारूगोळा उडवण्यात आला. रॉबर्ट डायरेनफोर्थ नावाचे गृहस्थ त्या मोहिमेचे प्रमुख होते. वायू भरलेले फुगे आकाशात फोडले, जमिनीवर स्फोट केले. आवाज भरपूर झाला. त्या आवाजाने पाऊस आला, असं मात्र कुणाला दाखवता आलं नाही.

त्यानंतरचा चार्ल्स हॅटफील्ड हा शिलाई मशिनी विकणारा माणूस. त्याने रसायनांचं एक गुपित मिश्रण केलं होतं. उंच लाकडी मनोरा उभारायचा, वर उघड्या टाक्या ठेवायच्या, त्यांत ते मिश्रण ओतून हवेत उडून जाऊ द्यायचं, एवढीच कृती. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहराशी १९१५ च्या डिसेंबरात त्याची बोलाचाली झाली. मोरेना तलाव भरून द्यायचा आणि दहा हजार डॉलर घ्यायचे. जानेवारी १९१६ मध्ये पाऊस लागला तो थांबेचना. पूल वाहून गेले, लोअर ओटे नावाचं धरण फुटलं, माणसं दगावली. हॅटफील्ड पैसे मागायला गेला तेव्हा शहराचे कारभारी म्हणाले, पाऊस तू पाडलास म्हणतोस ना, मग नुकसानभरपाईही तूच दे. नाहीतर हा देवाचा पाऊस. बिचाऱ्याला छदाम मिळाला नाही. त्याच्या मिश्रणात काही ताकद होती याला पुरावा नाही. पण त्या भांडणातून एक प्रश्न वर आला, तो पुढची शंभर वर्षं पाऊस पाडणाऱ्या प्रत्येकाच्या मानगुटीवर बसला. पाऊस पडला हे कबूल, पण तो तुझ्यामुळे पडला कशावरून?

आता जरा ढगाकडे बघू. ढगात पाण्याचे अगदी बारीक थेंब तरंगत असतात, पिठाच्या धुरळ्यासारखे. ते इतके हलके की खाली पडतच नाहीत. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक नीटसा थेंब होतो. म्हणजे आभाळ भरून आलं तरी पाऊस का पडत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. पाणी वर असतं, पण थेंब मोठे होत नाहीत.

उंच ढगांत आणखी एक गंमत असते. तिथली हवा बर्फ व्हायच्या थंडीच्याही खाली गेलेली असते, तरी थेंब गोठत नाहीत. गोठायला त्यांना कशाचा तरी आधार लागतो. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडावा लागतो, त्या दोऱ्याला खडे धरतात, तसंच. असा आधार मिळून बर्फाचा एक जरी कण झाला, की तो भोवतालच्या थेंबांची वाफ ओढून घेत भराभर वाढतो, जड होतो आणि खाली येऊ लागतो. वाटेत हवा ऊबदार असेल तर वितळून त्याचा पाऊस होतो.

हा आधार बाहेरून देता येतो, हे कळलं ते १९४६ साली, तेही जरासं अपघाताने. अमेरिकेत शेनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची प्रयोगशाळा होती. नोबेल मिळवलेले आयर्विंग लँगम्यूर तिथले मोठे शास्त्रज्ञ. त्यांच्या हाताखाली व्हिन्सेंट शेफर काम करायचे. घरच्या कमाईला हातभार लावायला यांनी लहान वयातच शाळा सोडलेली. कारखान्यात उमेदवारी करत करत ते प्रयोगशाळेपर्यंत पोचले होते. घरात वापरतात तसा एक फ्रीझर त्यांनी घेतला, आतून काळी मखमल लावली, आणि त्यात तोंडाने वाफ सोडून छोटासा ढग करायचा, असा त्यांचा उद्योग चाले. ढग व्हायचा, पण गोठायचा नाही. जुलैतल्या एका गरम दिवशी फ्रीझर पुरेसा थंड वाटेना, म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा तुकडा टाकला. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशाचा. क्षणात सगळा ढग चमचमत्या बर्फकणांनी भरून गेला.

१३ नोव्हेंबर १९४६ रोजी शेफर लहान विमानातून खऱ्या ढगावर गेले आणि थोडासा कोरडा बर्फ त्यात टाकला. खालून लँगम्यूर बघत होते. ढगातून हिम पडायला लागलं. ते जमिनीपर्यंत मात्र पोचलं नाही, मधल्या कोरड्या हवेतच विरून गेलं. पहिल्या यशाच्या गोष्टीतला हा तुकडा लोक सांगायचे विसरतात. आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. ढगातून निघालेलं पाणी रानात पोचेलच असं नाही.

कोरडा बर्फ विमानाने वर न्यावा लागतो आणि तो टिकत नाही. त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्होनेगट यांनी दुसरी वाट शोधली. ज्याच्या कणांची घडण बर्फाच्या घडणीशी जुळते असा पदार्थ कुठला, हे ते पुस्तकांतले तक्ते चाळून बघत होते. त्यांना सिल्व्हर आयोडाइड सापडलं. चांदी आणि आयोडीन यांची ही फिकट पिवळी पूड. थंड थेंबाला हा कण बर्फच वाटतो म्हणा ना. तो त्यावर बसतो आणि गोठतो. ही पूड जाळून धूर केला की एका चिमटीचे मोजता येणार नाहीत इतके कण होतात. चांदी वापरतात हे खरं ते असं. अंगावर घालायची चांदी कुणी आभाळात उधळत नाही.

आम्हाला हे सगळं विरजणासारखं वाटतं. चमचाभर विरजणाने पातेलंभर दह्याची कवडी लागते. पण पातेल्यात दूध हवं, आणि ते बेताचं कोमट हवं. कडकडीत दुधात विरजण मरतं, गारढोण दुधात दही धरत नाही. सिल्व्हर आयोडाइडचंही तसंच. ढग मुळात हवा, तो शून्याखाली पाच-सहा अंश तरी गार हवा, आणि त्यात न गोठलेलं पाणी हवं. यातलं काही कमी असेल तर टनभर धूर सोडला तरी व्यर्थ. रिकाम्या आभाळात ढग निर्माण करणारा पदार्थ आजवर कुणालाही मिळालेला नाही.

शोध लागला आणि लगेच हॅटफील्डचा प्रश्न परत आला. १९४७ च्या ऑक्टोबरात त्याच अमेरिकी मंडळींनी समुद्रावरच्या एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला. वादळ वळलं आणि जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. ते आधीच वळू लागलं होतं असं पुढे दिसलं, पण लोकांचा संताप व्हायचा तो झालाच. त्याहून वाईट म्हणजे १९६७ ते १९७२ या काळात व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी विमानांनी ढगांत ही रसायनं सोडली. शत्रूच्या वाटांवर चिखल व्हावा आणि रसद अडावी म्हणून. ते उघडकीला आल्यावर हवामानाचं हत्यार करायचं नाही, असा करार जगातल्या देशांनी केला. शेतकऱ्यासाठी म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठे जाऊन पोचली बघा.

आता आपल्या आभाळाकडे येऊ. भारतातले सुरुवातीचे प्रयोग १९५० नंतरचे. १९५१ साली टाटांच्या कंपनीने सह्याद्रीच्या घाटात जमिनीवरच्या भट्ट्यांतून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला. पुढच्या वर्षी कोलकात्यात हवामानशास्त्रज्ञ एस. के. बॅनर्जी यांनी हायड्रोजनच्या फुग्यांतून मीठ आणि सिल्व्हर आयोडाइड वर पाठवलं. दिल्ली, आग्रा, जयपूर या भागांत जमिनीवरून मिठाच्या पाण्याचे फवारे मारून बरीच वर्षं प्रयोग चालले.

मीठ का, तर आपल्याकडचे पावसाळी ढग बरेचदा खालच्या उंचीवरचे, ऊबदार असतात. त्यांत बर्फाचा संबंधच नाही, तर चांदीची पूड काय करणार? तिथे मीठ कामाला येतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. हवेतली ओल ओढायची मिठाची जी खोड आपल्याला स्वयंपाकघरात छळते, तीच ढगात उपयोगी पडते. मिठाचा कण ढगातलं पाणी ओढून इतरांपेक्षा मोठा थेंब बनतो. पावसात एसटीच्या काचेवरून एखादा मोठा थेंब ओघळतो, तो वाटेतले बारके थेंब पोटात घेत घेत खाली येतो, पाहिलंय ना? ढगातही मोठा थेंब हेच करतो.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या थोरल्या बायकांना सांगायला नको. खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मिठाचा मोठा प्रयोग हाती घेतला. जागा निवडली ती बारामतीच्या बाजूची, घाटापलीकडे पाऊस अडतो आणि अलीकडे रान कोरडं राहतं तो टापू. १९७३, १९७४, १९७६ आणि मग १९७९ पासून १९८६ पर्यंत सलग, असे एकूण अकरा पावसाळे हा प्रयोग चालला. जुन्या डाकोटा विमानातून बारीक दळलेलं मीठ ढगात सोडायचे. मीठ दमट होऊन त्याचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळायचे, दहा भाग मिठाला एक भाग शंखजिरं. आपण तांदळाचे दाणे टाकतो, त्यांनी शंखजिरं टाकलं.

पण या प्रयोगातली खरी अक्कल मिठात नव्हती, हिशेबात होती. त्यांनी तीन पट्टे आखले, उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मधला. प्रत्येक साधारण १६०० चौरस किलोमीटरचा. ज्या दिवशी विमान उडेल त्या दिवशी उत्तर किंवा दक्षिण यांपैकी एकाच पट्ट्यावर मीठ टाकायचं, दुसऱ्यावर नाही. कोणत्या पट्ट्यावर, हे शास्त्रज्ञाने आपल्या मनाने ठरवायचं नाही. भिशीची चिठ्ठी उचलतो तसं नशिबावर सोडायचं. का? तर निवड माणसाच्या हाती दिली की तो नकळत चांगला काळाभोर ढगच निवडतो, आणि मग पाऊस पडला की श्रेय मिठाला. मधला पट्टा कायम मोकळा ठेवला, म्हणजे वाऱ्याने मीठ इकडचं तिकडे जाऊन हिशेब बिघडू नये. खताची परीक्षा करताना शहाणी शेतकरीण एक वाफा खताचा आणि एक बिनखताचा ठेवते. इथे वाफे आभाळात होते, एवढाच फरक.

अकरा पावसाळ्यांचा मेळ घातल्यावर मीठ टाकलेल्या बाजूला २४ टक्के पाऊस जास्त भरला. म्हणजे जिथे १०० मिलिमीटर पडला असता तिथे १२४. हा फरक नुसत्या योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात चार. आणि हेही दिसलं की ढग किलोमीटरभर तरी जाड हवा आणि पाण्याने चांगला भरलेला हवा. पातळ, सुक्या ढगांवर मीठ टाकून पाऊस वाढला नाही. उलट त्यांचा कल विरून जाण्याकडे दिसला. दुष्काळात नेमके तेच ढग डोक्यावर असतात, ही यातली मोठी अडचण. शून्याचे २४ टक्के शून्यच होतात.

सगळीकडे असं उत्तर मिळालं असंही समजू नका. इस्रायलमध्ये १९६० नंतरच्या प्रयोगांनी पाऊस चांगला वाढल्याचं सांगितलं, त्यावर विसंबून तिथे अनेक वर्षं सिल्व्हर आयोडाइड फवारलं गेलं. मग २०१३ ते २०२० असा पुन्हा काटेकोर प्रयोग केला, तर वाढ दोन टक्क्यांच्याही आत निघाली, योगायोग म्हणावा इतकी. त्यांनी फवारणी बंद केली. आपल्याच कामाची अशी तपासणी करून ते थांबवायला धैर्य लागतं, असं आम्हाला वाटतं.

तुम्ही आणखी एक विचारता, की हे मीठ रानात पडून जमीन खारवट होणार नाही ना? साधा हिशेब मांडू. समजा १६०० चौरस किलोमीटरवर एक टन मीठ टाकलं. ते एकरी अडीच ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे अर्धा चमचाही नाही. आपल्या बोअरच्या पाण्यातून याच्या कितीतरी पट क्षार रानात जातात. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, आणि लागतंही ग्रॅमच्या मापात. ठिकठिकाणच्या तपासण्यांत पाण्यात चांदीचं प्रमाण फार सूक्ष्म आढळलं आहे. तेव्हा काळजी करायची तर विषाची कमी आणि पैशाची जास्त करावी.

पैशाचा विषय निघालाच आहे. आपल्या राज्यात २००३, २०१५ आणि २०१९ या साली सरकारने पाऊस पाडण्यासाठी विमानं मागवली. २०१९ ला त्यासाठी तीस कोटी रुपये मंजूर झाले होते. या विमानांच्या मागे लोकांची निकड होती, ती आम्ही समजू शकतो. टँकरची वाट बघणाऱ्या गावाला दहा वर्षं प्रयोग करू असं कोण सांगणार? पण असं विमान दिसेल त्या चांगल्या ढगावर फवारतं. शेजारी बिनखताचा वाफा राखलेला नसतो. मग पाऊस पडला तर विमानाने पाडला, नाही पडला तर ढगच नव्हते, आणि कुणी म्हणतं विमानानेच ढग पळवले. तिन्ही बोलणी ऐकायची, खरं-खोटं करायला आधार काहीच नाही.

त्याच सुमाराला, २०१८ आणि २०१९ या दोन पावसाळ्यांत, पुण्याच्या त्याच संस्थेने सोलापूर भागात मात्र मोजून काम केलं. आता पोती भरून मीठ न्यावं लागत नाही. विमानाच्या पंखांना नळकांडी लावतात, ती ढगाच्या तळाशी पेटवतात, त्यातून कॅल्शियम क्लोराइडचा धूर निघतो. हा मिठाचा थोरला भाऊ म्हणावा. उघडा ठेवला तर हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळून जातो. शास्त्रज्ञांनी २७६ ढग निवडले. २१३ ढगांवर फवारणी केली, ६३ ढग मुद्दाम तसेच सोडले, आणि रडार व जमिनीवरच्या पर्जन्यमापकांनी दोन्हींचा पाऊस मोजला. २०२३ साली निकाल छापून आला. वाऱ्याच्या दिशेने पुढच्या साधारण १०० चौरस किलोमीटर पट्ट्यात सरासरी १८ टक्के पाऊस जास्त, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. वाढीव पाण्याचा खर्च त्यांनी लिटरला १८ पैसे काढला.

यातली "वाऱ्याच्या दिशेने पुढे" ही अट नीट ऐका. विमान तुमच्या गावावर फिरलं म्हणजे पाणी तुमच्याच बांधात पडेल असं नाही, ते पुढच्या तालुक्यात पडू शकतं. म्हणून पुढच्या खेपेला विमान आलं की ग्रामसभेत चार गोष्टी मागून घ्या: कोणत्या तारखेला उडालं, ढगात काय सोडलं, वारा कुठे वाहत होता, आणि न फवारलेल्या ढगांचा पाऊस मोजला का.

आपल्याकडेही मोजलेलं काहीतरी असू द्या. महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक असतं, पण आपल्या वाडीचा पाऊस त्यात येतोच असं नाही. सरळ बाजूंचा, तळाशी आणि तोंडाशी सारखाच रुंद असा एक डबा घ्या. झाडापासून, घराच्या वळचणीपासून लांब, मोकळ्यावर रोवून ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत शाळेची पट्टी उभी धरायची, पाणी किती मिलिमीटर चढलंय ते गटाच्या वहीत तारखेसमोर लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही.